बंद फाटक आणि सायकलची शर्यत : संभाजीनगर ते तुळजापूर

डिसेंबर-जानेवारी हे मराठवाड्यात सायकल चालवायचे खरे महिने. पहाटे बोचरी थंडी, दुपारचं ऊन सोसण्याजोगं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर, हरभरा, शाळू. मी रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेते. माझा मावसभाऊ माझ्याहून बराच लहान आहे आणि यंदा तो ज्युनिअर गटात उतरतोय. शर्यतींचा हंगाम तोंडावर आहे, त्याआधी त्याला लांब अंतराची सवय व्हावी म्हणून आम्ही छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूरला जायचं ठरवलं. वाटेत मुक्काम बीड, अंबाजोगाई आणि लातूरला. मागे गाडी नाही, सामान सायकलच्याच पिशवीत.

निघायच्या आदल्या रात्री टायरमध्ये हवा भरता भरता त्यानं विचारलं, "ताई, नियम पाळून कुणी जिंकतं का गं? सरावाला येणारी पोरं म्हणतात, सगळेच थोडं थोडं करतात." प्रश्न खोडीचा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. असल्या प्रश्नाला झोपायच्या वेळी दोन वाक्यांत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. वाटेत बोलू म्हटलं.

शुक्रवार : संभाजीनगर ते बीड

उजाडायच्या आत बीड बायपासने झाल्टा फाट्याला आलो. तिथून राष्ट्रीय महामार्ग ५२ सरळ आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई करत बीडला जातो. अंतर साधारण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. रस्ता चौपदरी, कडेला सायकलला पुरेल एवढी पट्टी. अंधारात आमच्या लेनमध्ये समोरून दिवे येत होते. दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली, एखादा ट्रॅक्टर. महामार्गानं गावाचे दोन भाग केलेत आणि डिव्हायडरचा कट लांब आहे. दूध तर वेळेत पोचलं पाहिजे, म्हणून माणूस उलट्या बाजूने येतो. त्याची अडचण मला कळते. पण आमच्याकडच्या चालू रस्त्यावरच्या शर्यतींत जिंकण्यासाठी डिव्हायडर ओलांडून पलीकडून पुढे जाणारे मी पाहिलेत, त्यांची कसली अडचण? समोरून येणाऱ्या दूधवाल्याला तर शर्यत चालू आहे हेही ठाऊक नसतं.

आडूळच्या अलीकडे भावानं समृद्धीचा विषय काढला. शहराच्या उत्तरेला सावंगीजवळून समृद्धी महामार्ग जातो, तो सुरू झाल्यापासून "सराव करावा तर तिथं, एक खड्डा नाही" म्हणणारी मंडळी प्रत्येक गटात आहेत. तिथं सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे, आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी. रिकामा सरळ रस्ता पाहून चालकाला डुलकी लागते. त्याच्या पुढ्यात पहाटे सायकल आली तर त्या बिचाऱ्यालाही काही करता येणार नाही. या बंदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गुळगुळीत रस्ता हवा असेल तर हा ५२ आहेच की.

पाचोड सोडलं की गोदावरीचा ऊस जाणवायला लागतो. कारखाने चालू, त्यामुळे दर दहा मिनिटांनी एक जोड-ट्रॉलीचा ट्रॅक्टर. या गाड्या जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. पुढे टपावर मोठ्याने गाणं, मागे एकाला एक अडकवलेल्या दोन ट्रॉल्या, त्यात ऊस हेडच्याही वर रचलेला, मागचे शेंडे रस्त्यावर लोंबत घासत जाणारे. मागे लाल दिवा नाही. कुठे रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. एखादी मोळी ढिली झाली की ऊस सुटून रस्त्यावर पडतो.

आणि या गाडीच्या मागे वारा नसतो. भाऊ एका ट्रॉलीच्या मागे जाऊन बसला, पायांना आराम मिळाला, लगेच चेहरा खुलला. त्याचं कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर जोरात जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणून शर्यतीत सगळे एकमेकांच्या चाकामागे चालतात. त्यात गैर काही नाही, तोच या खेळाचा गाभा आहे. पण रस्त्यावरच्या शर्यतींत गाडीच्या आडोशाने चालणं निषिद्ध आहे. मी त्याला हाक मारून बाहेर काढलं. समोरचं काही दिसत नाही, ट्रॅक्टर कधी ब्रेक दाबेल कळत नाही, आणि डोक्यावर दोन ट्रॉल्या ऊस.

पुढच्याच ट्रॅक्टरला शाळेतली दोन पोरं एका हाताने मागची साखळी धरून लटकली होती. चढ आला तसे आमच्या पुढून गेले. भाऊ म्हणाला, "हे बघ, मोठे पण हेच करतात ना?" करतात. व्हिन्सेंझो निबाली २०१४ सालचा टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या टप्प्याटप्प्यांच्या मोठ्या शर्यतीचा विजेता. पुढच्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत पडापडीमुळे मागे राहिला आणि संघाच्या गाडीला धरून पुढच्या घोळक्याकडे निघाला. कॅमेऱ्यात ते स्पष्ट आलं आणि त्याला शर्यतीतून काढून टाकलं. स्पर्धेचा दुसराच टप्पा होता. मात्र गाडीतून पाण्याची बाटली घेताना एक-दोन सेकंद जास्त धरून ठेवणं, हे घोळक्यात सर्रास चालतं आणि पंचही बघून न बघितल्यासारखं करतात. आठ जणांच्या बाटल्या आणायला मागे गेलेला पोरगा परत पुढे यायचा असतो, तेवढी सवलत सगळ्यांनी मिळून दिलेली आहे. मला ती मान्य आहे. पण बाटलीपुरती सवलत वेगळी, आणि चढ संपेपर्यंत गाडी धरून राहणं वेगळं. त्या चढावर जो आपल्या पायांनी मरत वर येतो, त्याचा नंबर तू खाल्लास.

आमच्याकडे हे आणखी उघडपणे होतं. एका शर्यतीत पुढे असलेल्याच्या शेजारून त्याचा मित्र स्कूटरवर, अगदी वारा अडवत, शेवटपर्यंत चालला होता. तक्रार केली तर आयोजक म्हणाले, "जाऊ द्या, मुलगा आपल्याच जिल्ह्याचा आहे." त्या दिवशी तिसरा आलेला मुलगा बाजार समितीत हमाली करून सराव करायचा. बक्षिसाची रक्कम पहिल्या दोघांनाच होती. मला अजूनही त्याची चीड येते.

शहागडला गोदावरीच्या पुलावर थोडं थांबलो. भावाला मी १९०४ सालची गोष्ट सांगितली. टूर द फ्रान्सचं ते दुसरंच वर्ष. टप्पे रात्रीचे, शेकडो किलोमीटरचे, देखरेख कुठे असणार? रेल्वेत बसणं, मोटारीची मदत घेणं, असे आरोप इतके झाले की शर्यत संपल्यावर कित्येक महिन्यांनी पहिल्या चौघांना बाद केलं. त्यात आदल्या वर्षीचा विजेता मॉरिस गारँही होता. पाचवा आलेला हेन्री कॉर्ने विजेता ठरला, वय १९. आजही टूरचा सर्वांत लहान विजेता तोच. भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे थांबलं की मिळतं." मला तसं म्हणायचं नव्हतं. कॉर्नेला विजेतेपद मिळालं, पण पॅरिसमध्ये सगळ्यांच्या आधी पोचल्याचा तो क्षण मिळाला नाही. तो कुणी परत देऊ शकत नाही.

गेवराईला जेवण, पाडळसिंगीचा टोलनाका, आणि ऊन कलायच्या आत बीड. गेवराईच्या खानावळीत म्हातारीनं दोघांनाही पिठलं परत परत वाढलं. "माय, एवढ्या उन्हाचं कुठं चाललाव?" तुळजापूरला म्हटल्यावर तिनं हात जोडले आणि ताकाचे पैसे घेतले नाहीत.

शनिवार : बीड ते अंबाजोगाई

बीड सोडलं की पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागतं आणि मग बालाघाटावर चढणारा मांजरसुंब्याचा घाट. सकाळी थंडीत चढायला फार चांगला. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात आणि आपण त्यांच्या बरोबरीने. वर मांजरसुंब्याला चहाच्या टपऱ्यांची रांग आहे. भावानं चढताना ताकदीसाठी खायच्या गोड जेलचं पाकीट फोडलं होतं, ते रिकामं झाल्यावर सवयीने रस्त्याकडेला टाकायला हात गेला. मी नको म्हटलं, त्यानं खिशात ठेवलं.

याबाबत एक नियम २०२१ सालापासून कडक झालाय. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ठरवलं की कचरा आणि बाटल्या ठरवून दिलेल्या पट्ट्यातच टाकायच्या. नियम लागू होऊन काही दिवस होतात न होतात तोच बेल्जियमच्या टूर ऑफ फ्लँडर्स शर्यतीत मिखाएल शेर या स्विस सायकलपटूनं पट्ट्याबाहेर बाटली प्रेक्षकांकडे टाकली आणि त्याला थेट बाद केलं. त्यानं नंतर लिहिलं की लहानपणी रस्त्याकडेला उभा असताना आपल्याला एका सायकलपटूची बाटली मिळाली होती आणि त्या बाटलीमुळेच आपण या खेळात आलो. लोक हळहळले, आणि महासंघानेही थोड्याच दिवसांत शिक्षा सौम्य केली. ती सौम्य केली हे योग्यच झालं. बाटली घ्यायला समोर पोरगा उभा असतो. जेलच्या पाकिटाचं तसं नाही. मांजरसुंब्याच्या रस्त्याला प्लॅस्टिक खाणारी जनावरं मी त्याच टपरीवरून पाहत होते. गोड वास आला की गाय पाकीट चघळते आणि ते तिच्या पोटात बसतं.

मांजरसुंब्याहून महामार्ग सोडून डावीकडे नेकनूर, केजचा रस्ता. नेकनूरला पाणी भरायला थांबलो तर एका शेळीनं भिंतीला टेकवलेली माझी सायकल पाडली, नेमकी उजव्या बाजूवर. मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीला बसवलेला असतो ती हँगरची पट्टी आत वाकली. मागच्या मोठ्या चक्रीवर चेन स्पोकमध्ये शिरायला लागली. अशा अवस्थेत पुढे चालवणं म्हणजे चाक मोडून घेणं. हळूहळू केजपर्यंत आलो आणि बसस्टँडच्या मागे एक सायकल दुकान सापडलं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, बाहेर उलट्या टांगलेल्या जुन्या सायकली.

दुकानदार साठीचे. त्यांनी सायकल उलटी न करता आधी मागे उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं. "पट्टी आत आलीय. ठोकायची न्हाई, ठोकली तर तुटंल." मग त्यांनी गिअर सोडवून बाजूला लोंबता ठेवला आणि भंगारातून एका जुन्या गिअरच्या सायकलचं मागचं चाक आणलं. त्या चाकाचा आस आणि माझ्या हँगरचे आटे एकच निघाले. आस हँगरमध्ये फिरवून बसवला, तसं माझ्या चाकाच्या शेजारी दुसरं चाक समांतर उभं राहिलं. आता दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं आहे का, एवढंच पाहायचं. खाली दोन बोटांचं आणि वर तीन बोटांचं अंतर होतं. त्यांचा नातू बाहेरचं चाक धरून बसला आणि आजोबांनी ते हळूच बाहेर ओढलं, मोजलं, परत ओढलं. शहरात यासाठी वेगळं महागडं हत्यार वापरतात. इथे पंधरा-वीस मिनिटांत गिअर जागेवर आले. पन्नास रुपये झाले.

चाक धरून बसलेल्या त्या पोराकडे बघून मला १९१३ सालचा युजेन ख्रिस्तोफ आठवला. त्या वर्षी टूरमध्ये तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. तेव्हाचा नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत नाही. तो सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत सँत-मारी-द-काँपाँ या गावी लोहाराच्या भट्टीवर गेला, पंच उभे राहून पाहत असताना स्वतः घण मारून चिमटा जोडला. काही तास गेले, जिंकायची शक्यता संपली. एवढं करून वर वेळेचा दंड बसला, कारण भट्टीचा भाता एका पोराने हलवला होता. भावाला हे सांगितलं तर तो दुकानातच ओरडला, "हे काय!" दुकानदारांनी विचारलं काय झालं. मी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "मंग भाता हलवायला तिसरा हात आणायचा कुठून?"

मला दंड देणाऱ्या पंचांची बाजूही कळते. मदतीला मोकळीक दिली असती तर ज्याच्यामागे कंपनीचा पैसा त्याची सायकल गावोगावी तयार उभी राहिली असती. नियमाचा हेतू गरीब सायकलपटूच्या बाजूचा होता. भात्याजवळच्या पोराला दंड लावताना तो हेतू हरवला. असाच प्रकार २०१५ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत झाला. रिची पोर्टचं चाक पंक्चर झालं, जवळ स्वतःच्या संघाचं कुणी नव्हतं, दुसऱ्या संघातल्या सायमन क्लार्कनं आपलं चाक काढून दिलं. दोघांनाही दोन-दोन मिनिटांचा दंड. दोघे एकाच देशाचे, मित्र. तिथे मी मात्र पंचांच्याच बाजूने आहे. दुसऱ्या संघाचा माणूस मदत करू लागला तर आज मैत्री म्हणून करील आणि उद्या पैशासाठी करील, आणि मागे राहिलेल्याला ते कधी कळणार नाही. भावाला हे पटलं नाही. केजपासून पुढे दहा-बारा किलोमीटर आम्ही यावरून भांडलो. त्याचं म्हणणं, चांगुलपणाला शिक्षा झाली. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

लांब पल्ल्याच्या बीआरएम राइडमध्ये ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं असतं, नंबर नसतो. तिथे याचा मेळ मला सगळ्यात चांगला वाटतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास, आणि मदतीचा नियम असा की रस्त्यावर जे कुणालाही मिळू शकतं ते तुम्हीही घ्या. टपरी, दुकान, हापशी सगळं चालतं. स्वतःची गाडी मात्र ठरलेल्या तपासणी नाक्याखेरीज जवळ येता कामा नये. केजच्या आजोबांची दुरुस्ती त्यात बसली असती.

अंबाजोगाईला उशिरा पोचलो. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जायला त्राण नव्हतं.

रविवार : अंबाजोगाई ते लातूर

लातूरचा सरळ रस्ता सोडून मुद्दाम घाटनांदूर, पानगाव, रेणापूर अशी वाट घेतली. रहदारी कमी आणि शेतातून जाणारा रस्ता. याच भागातून परळी ते लातूर रोड ही रेल्वे जाते, म्हणजे फाटक आलंच.

एका फाटकाला आम्ही पोचलो तेव्हा दांडा खाली येऊन थांबला होता. आमच्या आधी दोन मोटरसायकली, एक छोटा टेम्पो, डोक्यावर सरपण घेतलेल्या बाया. गाडीचा पत्ता नाही. दोन मिनिटं गेली असतील नसतील, पहिल्या मोटरसायकलवाल्याने गाडी आडवी करून दांड्याखालून काढली. "गाडी लांब हाय की!" त्याच्यामागे दुसरा. सायकल तर त्याहून सोपी. खांद्यावर घ्यायची, वाकायचं, झालं. भावाचा हात हँडलवर आवळला होता. त्याच्या घड्याळात रस्त्याच्या त्या तुकड्याची वेळ मोजली जात होती आणि तोवर तो फार छान चालवत आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सायकल तूरीच्या बांधाला टेकवली आणि बाटली काढली. तोही थांबला, पण रागात.

मग मी त्याला २००६ ची पॅरिस-रुबे सांगितली. दगडी रस्त्यांची ती शर्यत, शेवटचे काही किलोमीटर, पुढे एकटा फाबियन कान्चेलारा. त्याच्या पाठलागावर तिघे : लीफ होस्ट, पेटर फान पेटेगेम आणि व्लादिमिर गुसेव. मध्ये रेल्वेचं फाटक पडलं. तिघे दांडा चुकवून पलीकडे गेले. त्यांच्या मागून येणारे फाटकावर अडले, मालगाडी निघून गेली, मग निघाले. शेवटी होस्ट दुसरा, पेटेगेम तिसरा, गुसेव चौथा आले आणि तिघांनाही बाद केलं. पाचवा आलेला टॉम बोनन दुसरा ठरला. नियम तसाच आहे, बंद फाटक ओलांडलं की बाद. आणि नियम अडलेल्याचा विचारही करतो. पुढे निसटलेल्याची आघाडी तीस सेकंदांहून जास्त असेल आणि फाटकामुळे मागच्यांनी त्याला गाठलं, तर शर्यत थांबवून पुन्हा तेवढ्याच अंतराने सोडतात. थांबणाऱ्याचं नुकसान होऊ नये अशी सोय त्यात आधीच केलेली आहे.

भावानं लगेच पकडलं, "मग २०१५ ला का नाही काढलं?" त्यानं तो व्हिडिओ पाहिला होता. त्या वर्षी त्याच शर्यतीत दांडे खाली येत असताना घोळक्यातले कित्येक जण घुसले, एका पोलिसाने मोटरसायकल आडवी घातली, आणि क्षणभरात तिथून वेगवान रेल्वे गेली. कुणालाच बाद केलं नाही. कोण नेमकं केव्हा गेलं ते ठरवता येईना, असं कारण दिलं गेलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. तिघांना शिक्षा होते आणि गर्दीने केलं की सुटते, मग पुढच्या पोराने काय शिकायचं? गर्दीत राहा, एवढंच. "सगळेच करतात" हे वाक्य तिथूनच येतं.

आमचं बोलणं ऐकत गेटमन केबिनच्या पायरीवर आले होते. वयाने प्रौढ, डोक्याला मफलर. ते म्हणाले, "ताई, गेट लागल्याबिगर शिग्नल मिळत न्हाई गाडीला. मी लवकर लावलं म्हणून शिव्या देतेत, उशिरा लावलं तर गाडी तिकडं उभी." मी विचारलं, खालून जाणाऱ्यांना अडवत नाही का. "अडवितो. पण मी एकलाच. एक हात झेंड्याला, एक कानाला." त्यांनी कानाकडे फोनची खूण केली. पुढे आवाज खाली करून ते जे बोलले ते असं, की खालून गेलेला माणूस कापला गेला तर चौकशी आधी गेटमनचीच होते, आणि इंजिन चालवणारा माणूस तर काही करूच शकत नाही. ब्रेक मारूनही मालगाडी थांबायला कितीतरी अंतर जातं, त्याला समोरचा माणूस दिसत राहतो. असा एक ड्रायव्हर त्यांना माहीत होता. त्यानं नंतर बदली मागून घेतली होती.

मालगाडी आली. डबे मोजायचा भावानं प्रयत्न केला आणि सोडून दिला. दांडा वर गेला तेव्हा आमच्यामागे बरीच रांग झाली होती.

पुढे बराच वेळ आम्ही गप्प चालवत होतो. पानगावच्या आसपास तो स्वतःहून म्हणाला, "ताई, वेळ गेला पण त्या इंजिनवाल्याला मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं." मला त्याला जे सांगायचं होतं ते हेच होतं, आणि मी सांगितलं असतं तर एवढं पोचलं नसतं. मोजे किती उंच असावेत, सायकल ६.८ किलोच्या खाली नको, उतारावर सीट सोडून पुढच्या आडव्या नळीवर बसू नका, असे कितीतरी नियम आहेत. काहींशी माझं पटतं, काहींशी नाही, आणि न पटणाऱ्यांवर मी पंचांशी वाद घालते. पण फाटक, उलटी बाजू, गाडीचा आडोसा, यांत आपण वाचवलेले सेकंद दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातून काढलेले असतात. तो माणूस बहुतेक वेळा शर्यतीत नसतो, निकालाच्या कागदावर त्याचं नाव नसतं.

संध्याकाळी लातूर. गंजगोलाईत चक्कर मारून निलंगा राईस खाल्ला. क्लासेसच्या भागात मुक्काम होता, तिथे पोरांच्या झुंडी, झेरॉक्सची दुकानं आणि त्यांच्या मध्ये पावडरींचं एक दुकान, मोठमोठे डबे काचेत रचलेले. भावाच्या ओळखीच्या एकाने त्याला शर्यतीआधी घ्यायची पावडर सुचवली होती, नाव फोनमध्ये लिहून ठेवलेलं. मी डब्यावरची यादी वाचली. निम्म्या घटकांचं प्रमाणच दिलेलं नव्हतं. उत्तेजकांच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, दुकानदाराने काय सांगितलं याला अर्थ नाही. मी त्याला घेऊ नको म्हटलं आणि कारणासाठी नव्वदच्या दशकात घेऊन गेले.

तेव्हा ईपीओ नावाचं औषध घोळक्यात पसरलं होतं. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि दम टिकतो. थेट चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून १९९७ मध्ये महासंघाने रक्तातल्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. वर गेलात तर घरी. हेतू जिवाचं रक्षण हा होता, कारण रक्त दाट झालं की हृदयावर येतं. झालं भलतंच. लोकांनी पन्नासपर्यंत परवानगी आहे असा अर्थ काढला आणि जो तो पन्नासच्या जरासं खाली राहायला शिकला. १९९८ ला फेस्टिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला. १९९९ ला मार्को पँतानी जिरो जवळजवळ जिंकलेला असताना ५२ टक्के निघाला आणि बाहेर गेला. त्याच उन्हाळ्यात लान्स आर्मस्ट्राँगनं पहिली टूर जिंकली. २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली आणि त्या वर्षांच्या यादीत विजेता म्हणून आजही कुणाचंच नाव नाही.

भावाला आर्मस्ट्राँग माहीत होता. ख्रिस्तोफ बासों माहीत नव्हता. तो फेस्टिना संघात असून औषध न घेणारा म्हणून ओळखला गेला होता. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात घोळक्यातल्या औषधांबद्दल लिहीत होता. आर्मस्ट्राँग त्याला चालत्या शर्यतीत येऊन बोलला, बाकीच्यांनी वाळीत टाकलं, आणि तो टूर अर्धवट सोडून घरी गेला. आर्मस्ट्राँगची विजेतेपदं गेली म्हणून बासोंची ती वर्षं परत आली नाहीत. मी भावाला एवढंच सांगितलं. त्यानं फोनमधलं नाव पुसलं का ते मी विचारलं नाही. त्याचं शरीर आहे, त्यानं ठरवावं.

सोमवार : लातूर ते तुळजापूर

औशापर्यंत वीसेक किलोमीटर, पुढे महामार्ग ३६१ ने तुळजापूर. मागून वारा, चांगला रस्ता, सांगण्यासारखं फार काही नाही. औशाजवळ शाळेची वेळ होती. निळ्या गणवेशातल्या मुली सायकलींवरून, तिघी-तिघी शेजारी, गप्पा मारत. यातल्या बऱ्याच सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या असतात, आठवी ते बारावीच्या मुलींना. मला पाहून त्यातली एक उभी राहून पेडल मारू लागली आणि बरंच अंतर माझ्या बरोबरीने आली. दप्तर पाठीवर, दोन वेण्या, सायकल माझ्याहून दुप्पट वजनाची. "ताई, तुम्ही शर्यत खेळता का?" हो म्हटलं. "पोरींची असती?" असते म्हटलं. मागून मैत्रिणींनी हाक मारली म्हणून ती थांबली. बारावीनंतर यातल्या किती जणी सायकलवर दिसतात ते या रस्त्याने कधीही जाऊन पाहावं. तो नियम कुठल्या पुस्तकात नाही, तरी तो घरोघरी पाळला जातो, आणि तो मोडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मी पूर्ण बाजूने आहे.

भावाला अल्फोन्सिना स्त्रादा सांगितली. १९२४ ची जिरो. तिचं नाव यादीत पुरुषाचं वाटेल असं छापलं गेलं, आणि ती शर्यतीत उतरली. वादळी पावसाच्या टप्प्यात पडली, हँडल मोडलं, तिथे झाडूचा दांडा बसवून पुढे गेली. वेळेच्या मर्यादेत पोचली नाही म्हणून क्रमवारीतून काढली, पण आयोजकांनी पुढे चालवायला परवानगी दिली आणि ती शेवटपर्यंत गेली. पुरुषांची जिरो खेळलेली ती एकमेव बाई. वेळेची मर्यादा तिलाही लावली, हे मला पटतं. तिनं स्वतःही ती मर्यादा मानली, पुढचे टप्पे क्रमांकाशिवाय चालवले.

तुळजापूरला दुपारी पोचलो. देवीचं दर्शन झालं, भक्तनिवासात खोली मिळाली. पुढच्या महिन्यातल्या ज्या शर्यतीत भाऊ उतरणार आहे तिच्या मार्गावर एक रेल्वे फाटक आहे. संध्याकाळी मी आयोजकांना पत्र लिहायला घेतलं. रेल्वेकडून त्या दिवसाच्या गाड्यांच्या वेळा आधी घ्या, फाटकावर घड्याळ घेतलेला एक माणूस उभा करा, अडलेल्याचा वेळ धरा, आणि खालून जाणारा कुणीही असो, अगदी जिल्ह्याचा लाडका असो, त्याला त्याच दिवशी बाद करा. सोबतच्या गाड्या आणि स्कूटरींना मार्गावर येऊ देऊ नका, हेही लिहिलं. तिसऱ्या क्रमांकाला बक्षीस ठेवा, हे मी खालच्या ओळीत घातलं.

भावानं वाचलं. म्हणाला, "नुसता वेळ धरून काय व्हतंय? पुढच्याला आघाडी तेवढीच ठेवून परत सोडायचं, ते टाक. आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी माइकवर सांगायला लाव, नाहीतर म्हणतील माहीत नव्हतं." दोन्ही टाकलं. त्यानं मग रेल्वेची वेळापत्रकं शोधायला घेतली. शर्यत सकाळी सातला सुटणार आणि घोळका फाटकावर साधारण आठच्या सुमारास पोचणार, तेव्हा सुटण्याची वेळ अर्धा तास मागेपुढे केली तर काय होतं, ते तो कागदावर मांडत बसला.